‘ब्रिमफुल ऑफ आशा’ पुन्हा कसे ऐकावे

आशा भोसले यांचे नाव ध्रुवपदात असलेले एक इंग्रजी रॉक गाणे फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते, हे आपल्याकडच्या पुष्कळ रसिकांना ठाऊक असते; मात्र त्यांच्या कानांत जे बसलेले असते ते बहुधा मूळ गाणे नसते. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडने ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ (म्हणजे ‘आशाने काठोकाठ भरलेले’) ऑगस्ट १९९७ मध्ये पहिल्यांदा सिंगल म्हणून काढले, तेव्हा ते साठाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. पुढे फॅटबॉय स्लिम या नावाने गाजलेल्या नॉर्मन कुकने त्याचा वेग वाढवून नाचायला लावणारा रिमिक्स केला आणि जगभर गेला तो हा रिमिक्स. मूळ गाणे संथ आणि ऐसपैस आहे, आणि नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश इंडी (छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या) संगीतात इतके आनंदी आणि त्याच वेळी इतके बहुश्रुत गाणे माझ्या ऐकण्यात दुसरे नाही. ते पुन्हा ऐकायचे तर नुसते प्ले दाबून भागत नाही. हे गाणे मुळात रेकॉर्ड ऐकण्याविषयीच आहे. ते ज्या गायकांची, ज्या कंपन्यांची आणि ज्या यंत्रांची नावे घेते, त्यांच्यापर्यंत आपण स्वतः चालत गेलो की मगच ते पुरते हाती लागते. त्या वाटेने कसे जावे, हे येथे क्रमाने सांगत आहे.

मूळ ध्वनिमुद्रण कसे ओळखावे

स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याचे नाव टाकले की रिमिक्स आणि मूळ गाणे शेजारी शेजारी दिसतात, आणि घाईत रिमिक्सच लावला जातो. शीर्षकापुढे नॉर्मन कुकचे नाव असेल तर ते बाजूला ठेवावे. मूळ गाणे ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ या सप्टेंबर १९९७ च्या अल्बममध्ये दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्याची लांबी पाच मिनिटांहून थोडी अधिक आहे. म्हणून शोधायचे ते गाणे नव्हे, तर अल्बम. तो उघडून दुसरे गाणे लावले की चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही. हा अल्बम ब्रिटनमध्ये विजा या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढला, तर अमेरिकेत संगीतकार डेव्हिड बर्न याच्या लुआका बॉपने. त्यामुळे जुनी सीडी हाती आली आणि तिच्यावर यांपैकी कोणतेही एक नाव असले, तरी बिचकण्याचे कारण नाही.

ॲपमधल्या आवाजाच्या दर्जाची पातळी सर्वांत वरची ठेवावी, बेस वाढवणारे सगळे बदल काढून टाकावेत आणि शक्य असेल तर इअरफोनऐवजी स्पीकरवर ऐकावे. एक गोष्ट मात्र आवर्जून पाळावी. पुढे मूळ गाणे आणि रिमिक्स यांची तुलना करायची आहे, आणि दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते कानाला आपोआप सरस वाटते, हा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून तुलनेच्या वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवणारी ॲपमधली सोय चालू असू द्यावी.

पहिल्यांदा ऐकताना

पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागू नये. गिटारची एक सोपी, घासत जाणारी सुरावट सुरू होते, ती शेवटपर्यंत जवळजवळ तशीच राहते आणि तिच्यावर तेजिंदर सिंग हा गायक गाण्यापेक्षा बोलण्याच्या अधिक जवळ असलेल्या आवाजात शब्द सोडत जातो. आवाज चढवण्याची, हरकत घेण्याची, कौशल्य दाखवण्याची त्याला कोठेही गरज वाटत नाही. ज्यांच्याविषयी तो गातो आहे त्या गायिकेच्या गळ्यातली फिरत साऱ्या जगाला ठाऊक आहे, आणि तिच्याविषयी गाणारा माणूस मात्र श्रोत्याच्या जागी बसून साध्या आवाजात गातो; हा विरोध मला या गाण्याचा सर्वांत सुंदर गुण वाटतो.

घरात हार्मोनियम असेल तर दुसऱ्या वेळी ती समोर घ्यावी. पांढरी सहाचा षड्ज धरला की गाणे त्यात चपखल बसते, आणि षड्ज, मध्यम व पंचम या तीन स्वरांवर उभ्या असलेल्या तीन मेजर कॉर्डवर त्याचा सगळा डोलारा उभा आहे हे बोटांनाच कळते. गिटार वाजवणाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर ए, डी आणि ई; शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यात येणारे कॉर्ड. गुंतागुंत सुरावटीत नाहीच, ती शब्दांत आहे, आणि सुरावट इतकी साधी ठेवल्यामुळेच शब्दांना पसरायला जागा मिळते. टाळी देऊन ठेका धरला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते: ड्रम घाई करत नाहीत, ते मागे रेलून बसतात. रिमिक्सची सवय झालेल्या कानाला सुरुवातीला हे गाणे रेंगाळल्यासारखे वाटेल. ती सवय सुटेपर्यंत दोन-तीनदा ऐकावे आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे.

पडद्यामागची बाई

आता शब्द घ्यावेत. छापील शब्द समोर ठेवूनच ऐकावे, कारण सिंगचा उच्चार सैल आहे आणि मध्येच ‘साडी रानी’ असे पंजाबी शब्द येतात. म्हणजे ‘आमची राणी’. गाण्याचा आरंभ चित्रपटातल्या दृश्यांच्या मागे चाललेल्या नाचाने होतो आणि लगेच त्या दृश्यांच्या मागे असलेल्या राणीचा उल्लेख येतो. ब्रिटिश श्रोत्याला ही ओळ गूढ वाटली असेल. आपल्याला तिच्यात काहीच गूढ नाही: पडद्यावर नाचते ती नटी आणि मागे गाते ती आशा. पार्श्वगायन ही व्यवस्था ज्यांना जन्मापासून परिचित आहे त्यांना या गाण्याचा पहिलाच दरवाजा उघडा मिळतो, आणि ही आपली जमेची बाजू आहे.

ती बाजू पक्की करण्यासाठी थोडा इतिहास ध्यानात ठेवावा. ‘महल’ या १९४९ च्या चित्रपटातले ‘आएगा आनेवाला’ रेकॉर्डवर आले तेव्हा गायिकेच्या जागी लता मंगेशकर यांचे नाव नव्हते. चित्रपटातल्या पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’चे नाव छापले होते. गाणारा आवाज घरोघर पोहोचायचा आणि आवाजाची मालकीण निनावी राहायची. तेव्हापासून १९९७ पर्यंतचे अंतर मोजले, तर परदेशातल्या एका रॉक बँडने पार्श्वगायिकेचे नाव थेट शीर्षकात आणि ध्रुवपदात घेणे ही केवढी गोष्ट आहे हे कळते. सिंगने नटीवर गाणे केले नाही, चित्रपटावर केले नाही. जिचा चेहरा दिसत नव्हता तिच्यावर केले.

पुढच्या ओळींत चित्रपटगृहातल्या खुर्च्यांमधली वाट येते, आणि पाठोपाठ सरकारच्या सूचना, साध्या राहणीचा प्रचार आणि बांधली जाणारी धरणे यांची आपल्याला पर्वा नाही असे तो म्हणतो. इथे थांबावे. माझ्या समजुतीप्रमाणे ही ओळ चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या सरकारी माहितीपटांची आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे माहितीपट व वार्तापट चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. धरणे, कालवे, कुटुंबनियोजन, काटकसर हे सगळे पाहून झाल्यावरच प्रेक्षकाला नायक-नायिका दिसत. या फिल्म्स डिव्हिजनचे मुख्यालय मुंबईत पेडर रोडवर होते, आणि मंगेशकर भावंडांचे प्रभुकुंजही त्याच रस्त्यावर. पंजाबी घरातल्या मुलाने धरणे म्हटली की मला तरी भाक्राच डोळ्यांसमोर येते.

याच ओळींना आपल्याकडचा आणखी एक संदर्भ जोडून पाहावा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते या भूमिकेतून त्यांनी आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार केली. परिणाम असा झाला की सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला, अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. सांगलीत जन्मलेल्या गायिकेचा आवाज पुण्याच्या मंत्र्याच्या आकाशवाणीवर नको होता आणि श्रोत्यांनी तो कोलंबोहून मिळवला, ही घटना ज्याला ठाऊक आहे त्याला सरकारच्या सूचनांची पर्वा न करणारी ती ओळ अधिक खोलवर भिडते. सिंगच्या मनात केसकर असतील असा माझा दावा नाही. पण गाणे पुन्हा ऐकताना आपण आपले कान घेऊनच ऐकतो आणि तसेच ऐकावे.

पंचेचाळीस म्हणजे काय, हे हाताने पाहावे

ध्रुवपदात पुन्हा पुन्हा येणारा ४५ हा आकडा रेकॉर्डच्या वेगाचा आहे: मिनिटाला ४५ फेरे. सात इंच व्यासाची ही छोटी रेकॉर्ड ब्रिटनमध्ये बहुधा एका बाजूला एक गाणे घेऊन यायची. भारतात मात्र एचएमव्हीने चित्रपटगीतांसाठी त्याच आकाराच्या ईपी मोठ्या प्रमाणावर काढल्या, ज्यांत सहसा एका चित्रपटाची चार गाणी बसत, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. पाकिटावर चित्रपटातले छायाचित्र असे आणि मागे गाणी, गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे. मध्यमवर्गीय घराला एलपी या मोठ्या रेकॉर्डपेक्षा ईपी परवडत असे, आणि परदेशी जाणाऱ्या बॅगेतही ती सहज मावत असे.

अशी एखादी ईपी स्वतः हातात घेऊन ऐकल्याशिवाय या गाण्याची उजळणी पुरी झाली असे मी म्हणणार नाही. मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर आणि पुण्यात रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुन्या रेकॉर्ड मिळतात. घेताना पाकिटावर भुलू नये; रेकॉर्ड बाहेर काढून उजेडाकडे तिरपी धरावी. वरवरचे केसासारखे चरे चालतात, पण नख फिरवल्यावर जाणवणारा चरा असेल तर सुई तिथे उडी मारणारच. डोळ्याच्या पातळीवर आडवी धरून वाकलेली नाही ना हे पाहावे. घरी आणल्यावर मऊ ब्रशने गोल दिशेने धूळ काढावी, लागल्यास डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेले स्वच्छ सुती कापड फिरवावे आणि मधले कागदी लेबल ओले होऊ देऊ नये. प्लेअरवर वेगाचे बटण ४५ वर आहे याची खात्री करावी. ३३ वर लावलेली आशाताईंची रेकॉर्ड ऐकणे हा दोघांवरही अन्याय आहे. ७८ वेगाची जुनी, जड रेकॉर्ड हाती आली तर ती मात्र याच सुईवर लावू नये, कारण तिच्या खाचा रुंद असतात आणि तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

रेकॉर्ड प्लेअर नसेल तर हरकत नाही. पण मग निवड तरी काळजीपूर्वक करावी. आशाताईंची गाणी अफाट आहेत. गिनीज बुकाने २०११ मध्ये सर्वाधिक ध्वनिमुद्रणांसाठी त्यांची नोंद घेतली, तेव्हा तो आकडा वीसहून अधिक भाषांतल्या ११,००० पर्यंतच्या गाण्यांचा होता. त्यांतून या गाण्याबरोबर ऐकण्यासाठी माझी निवड अशी: ‘तीसरी मंझिल’ (१९६६) मधले रफींबरोबरचे ‘ओ मेरे सोना रे’, ‘किस्मत’ (१९६८) मधले ओ. पी. नय्यर यांचे ‘आओ हुजूर तुमको’ आणि ‘कारवाँ’ (१९७१) मधले राहुलदेव बर्मन यांचे ‘पिया तू अब तो आजा’. पहिल्यात गिटार आणि ठेका यांचा रॉकशी असलेला नातेसंबंध उघडच कळतो. दुसऱ्यात तोल सुटल्याचा आभास देत एकही स्वर न सोडणारा गळा आहे. तिसऱ्यात श्वाससुद्धा वाद्यासारखा वापरला आहे, आणि मोठ्या वाद्यवृंदाचे अंग असे काही वापरले आहे की सिंग आपल्या गाण्यात ७७,००० वादकांच्या ऑर्केस्ट्राचा जो अतिशयोक्त उल्लेख करतो तो एकदम खरा वाटू लागतो.

यांच्या जोडीला ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’ हे शांताबाई शेळके यांचे आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेले गीत मी जाणीवपूर्वक जोडतो. कॉर्नरशॉपच्या गाण्यात या गाण्याचा उल्लेख नाही. पण ज्या आवाजाने परदेशातल्या पंजाबी मुलाला उभारी दिली त्याच आवाजाने मराठीत घर दूर राहिल्याची व्यथा गायली आहे, आणि त्यांची सुरुवातही ‘माझं बाळ’ या १९४३ च्या मराठी चित्रपटात दत्ता डावजेकर यांच्या ‘चला चला नवबाळा’ने झाली, हे ब्रिटिश श्रोत्याला नसलेले धन आपण वापरू नये असे कोणी सांगितले आहे?

शेवटची यादी

गाण्याच्या उत्तरार्धात सिंग नावांची एक लांबलचक यादी म्हणू लागतो आणि प्रत्येक नावापुढे ४५ हा आकडा लावतो. पुष्कळ श्रोते ही यादी गोंगाटासारखी ऐकून सोडून देतात. खरे तर गाण्याचा जीव तिच्यात आहे, म्हणून वही घेऊन बसावे आणि एकेक नाव लिहून काढावे.

मोहम्मद रफी आणि लता मंगेशकर यांच्याविषयी मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. त्यांच्या पाठोपाठ सॉलिड स्टेट रेडिओ आणि फर्ग्युसनचा मोनो संच येतो. फर्ग्युसन ही रेडिओ आणि टीव्ही बनवणारी ब्रिटिश कंपनी होती आणि मोनो म्हणजे एकाच स्पीकरमधून येणारा आवाज. एकदा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मोनो आवाज चालू करावा, एका छोट्या स्पीकरवर आशाताईंचे गाणे लावावे आणि मग पुन्हा ही यादी ऐकावी. सत्तरच्या दशकात स्थलांतरित कुटुंबाच्या दिवाणखान्यात हा आवाज कसा येत असेल ते पाच मिनिटांत कानाला कळेल. टू-इन-वनचेही नाव यादीत आहे. रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेले हे यंत्र आखातातून आणि विलायतेतून आलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या सामानात असायचे. पण ज्या वस्तूला आपण आपल्या घरातली समजत होतो ती सिंगच्या जन्मगावच्या, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या घरातही त्याच नावाने होती हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

मग अचानक फ्रेंच गायक जाक द्युत्राँ येतो आणि बोलन बूगी येते. द्युत्राँचे १९६६ चे ‘ए म्वा, ए म्वा, ए म्वा’ ऐकावे. तोही सिंगसारखाच अर्धे बोलत, अर्धे गात जातो. ‘बोलन बूगी’ हे मार्क बोलनच्या टी. रेक्स या बँडच्या १९७२ च्या संकलनाचे नाव आहे. टी. रेक्सच्या गाण्यांतली गिटारची चाल कॉर्नरशॉपच्या गिटारशेजारी ठेवून ऐकली की सिंग नुसती नावे घेत नाही, तर आपले ऋण फेडतो आहे, हे स्पष्ट दिसते. त्यानंतर ऑल इंडिया रेडिओ, आर्गो रेकॉर्ड्स आणि ट्रोजन रेकॉर्ड्स. आर्गो ही ब्रिटनमधली कवितावाचन, नाटक आणि अभिजात संगीतासाठी नावाजलेली कंपनी. ट्रोजन १९६८ मध्ये सुरू झाली आणि तिने जमैकाचे रेगे संगीत ब्रिटनच्या कामगार वस्त्यांत पोहोचवले. तिच्यामागचा एक प्रमुख माणूस ली गोप्थल हा भारतीय वंशाचा जमैकन होता. ट्रोजनची चार-पाच गाणी तरी ऐकावीत, कारण मूळ गाण्याचे ड्रम मागे रेलून का वाजतात याचे उत्तर मला तिथेच मिळाले.

यादी उतरवून झाली की ती परत वाचावी. मुंबई, पॅरिस, लंडन, किंग्स्टन. कवितेची रेकॉर्ड आणि कोठ्यावरचे गाणे. महागडा संच आणि टू-इन-वन. कोणालाही वरची किंवा खालची जागा दिलेली नाही. सर्वांपुढे एकच आकडा.

ते कोठून आले

तेजिंदर सिंगचा जन्म वुल्व्हरहॅम्प्टनचा. याच शहराच्या एका मतदारसंघाचा खासदार इनॉक पॉवेल याने एप्रिल १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले, आणि याच शहरात शीख बसचालकांना पगडी घालून काम करण्याचा हक्क मिळवण्यासाठी १९६९ पर्यंत झगडावे लागले. बँड स्थापन झाला तो १९९१ मध्ये लेस्टर येथे; सिंगबरोबर त्याचा भाऊ अवतार, बेन एअर्स आणि डेव्हिड चेंबर्स होते. युगांडातून इदी अमीनने भारतीयांना १९७२ मध्ये हाकलले तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘इकडे येऊ नका’ असे कळवले होते, तरीही हजारो कुटुंबे लेस्टरलाच आली. बँडचे नावही त्याच वातावरणातले आहे: नाक्यावरचे किराणा दुकान चालवणारा तो आशियाई, ही ब्रिटिश समाजाची ठरीव समजूत त्यांनी उचलून स्वतःच्या नावावर लावली.

हे सारे लक्षात ठेवून १९९३ ची ‘इन द डेज ऑफ फोर्ड कोर्टिना’ ही त्यांची पहिली ईपी ऐकावी. ती खरखरीत आणि संतप्त आहे. हाच बँड १९९२ मध्ये गायक मॉरिसीच्या पोस्टर्सची ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कार्यालयाबाहेर होळी करून आला होता, कारण त्याच्या वागण्यात त्यांना वंशवादाची झाक दिसली होती. नंतर १९९५ चे ‘सिक्स एएम जालंधर शेर’ ऐकावे, ज्यात पंजाबी गायन आणि एकसुरी गिटार तासन्‌तास चालू राहावे अशी इच्छा होते. या दोन पायऱ्या ओलांडून ‘ब्रिमफुल ऑफ आशा’कडे आले की त्यातला आनंद सहज आलेला नाही हे उमगते. रागावण्याची सर्व कारणे असलेल्या माणसाने आवडत्या रेकॉर्डविषयी गाणे करायचे ठरवले, हा निर्णय त्यात ऐकू येतो.

आता रिमिक्स लावावा

रिमिक्सला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तो शेवटी ऐकावा, एवढेच. हार्मोनियमवर पुन्हा पांढरी सहा धरली तर रिमिक्सशी ती जुळणार नाही, कारण कुकने गाणे वेगवान करताना त्याची पट्टी वर गेली आहे आणि त्याबरोबर सिंगचा आवाजही पातळ आणि तरुण झाला आहे. ड्रम जड आणि पुढे आलेले आहेत; ध्रुवपदाचे तुकडे करून ते इतक्या वेळा आपटले आहेत की ते शब्द न राहता ठेका होतात. नाचण्याच्या मजल्यावर हे सगळे अचूक काम करते. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात त्याने सेलीन डिऑनच्या ‘टायटॅनिक’मधल्या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून हटवले आणि पुढच्या आठवड्यात मॅडोनाच्या ‘फ्रोझन’ने त्याची जागा घेतली, अशा दोन प्रचंड नावांच्या मध्ये एक आठवडा का होईना, ब्रिटनभर सांगलीच्या मुलीचे नाव वाजत होते. पण या यशाआधीच, १९९७ च्या अखेरीस, बीबीसी रेडिओ वनवर निवेदक जॉन पील याच्या श्रोत्यांनी वर्षभरातल्या पन्नास आवडत्या गाण्यांची यादी मतदानाने ठरवली तेव्हा त्यांनी पहिला क्रमांक याच गाण्याला दिला होता. विक्रीत साठावे ठरलेले गाणे लक्षपूर्वक ऐकणाऱ्यांनी आधीच उचलून धरले होते.

दोन्ही रूपे पाठोपाठ ऐकून झाल्यावर अल्बम सुरुवातीपासून लावावा आणि मध्येच गाणी वगळू नयेत. ‘स्लीप ऑन द लेफ्ट साइड’ने तो उघडतो, दुसरे आपले गाणे, आणि पुढे त्यात ॲलन गिन्सबर्ग या अमेरिकन कवीचा आवाजही येतो. शेवटी बीटल्सचे ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत आहे: सतार इंग्लंडला नेणाऱ्या गाण्याला सिंगने पंजाबी शब्द दिले आहेत. ते ऐकून झाले की १९६५ चे मूळ लावावे. त्यानंतरही उत्साह उरला असेल तर बबली कौर यांच्या पंजाबी गायनाभोवती उभा असलेला कॉर्नरशॉपचा २०११ चा ‘डबल-ओ ग्रूव्ह ऑफ’ हा अल्बम घ्यावा. त्यात सिंग स्वतः मागे सरकला आहे आणि पुढे पुन्हा एका बाईचा आवाज आहे.